घरच्या घरी पुढचा एक्सल आणि स्टिअरिंग सेंटरला आणणे (४०७च्या वर्गातली गाडी)

निफाडकर
गाडी टाटा ४०७च्या वर्गातली, म्हणजे छोटा ट्रक. पुढे सरळ एक्सल आणि पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग), मागे डबल चाकं, पॉवर स्टिअरिंग. पुढचे पाटे सोडून परत बांधले, त्यात उजव्या बाजूला एक पाटा वाढवला. तेव्हापासून गाडी सरळ जात असली तरी स्टिअरिंग डावीकडे साधारण २० अंश वळलेलं राहतं. शिवाय हात सैल सोडला की गाडी हळूहळू डावीकडे ओढते.

गॅरेजवाला म्हणतो, स्टिअरिंगचं चाक काढून एकदोन दाते फिरवून बसवू, पाच मिनिटांचं काम. मला ते पटत नाही. अंगणात कोबा आहे. जॅक, दोन घोड्या, पाने, टेप सगळं आहे. कांद्याचा सीझन आहे, लासलगाव-पिंपळगाव चालूच असतं, त्यामुळे गाडी फार वेळ उभी ठेवता येणार नाही. सुरुवात कुठून करू?

सातपूरचा टर्नर
चाक काढू देऊ नका. कारण साधं आहे. स्टिअरिंग बॉक्समधला (स्टिअरिंगच्या दांडीखालची गिअरपेटी) सेक्टर गिअर बरोबर मध्यावर सगळ्यात घट्ट बसेल असा बनवलेला असतो, बाजूला गेलं की तिथे मुद्दाम थोडा प्ले सोडलेला असतो. गाडी सरळ चालताना बॉक्स मध्यापासून सरकलेला असेल तर तुम्ही दिवसभर त्या प्लेवाल्या भागात गाडी चालवताय. चाक फिरवून बसवलं की डोळ्याला सरळ दिसतं, बॉक्स मात्र तिथेच राहतो. मग कोणीतरी प्ले काढायला ॲडजस्टिंग स्क्रू आवळतो, बॉक्स मध्यावर आला की जड होतो आणि शेवटी बॉक्स उघडावा लागतो.

दुसरं म्हणजे एका बाजूला वळण कमी मिळतं.

चाक काढायची वेळ एकाच कारणाने येते: बॉक्स मध्यावर आहे, पुढची चाकं सरळ आहेत आणि तरी स्टिअरिंगच्या चाकाचा आडवा दांडा वाकडा आहे. म्हणजे आधी कोणीतरी चाक चुकीच्या दात्यावर बसवलेलं आहे. एअरबॅगवाली गाडी असेल तर बॅटरी काढल्याशिवाय तिथे हातच घालू नये.

ओळंबा
क्रम महत्त्वाचा, स्टिअरिंग सगळ्यात शेवटी. आधी हवा, मग ढिलाई, मग एक्सल चौकोनात आहे का, मग टो (दोन पुढच्या चाकांमधल्या पुढच्या आणि मागच्या अंतराचा फरक), आणि त्यानंतर ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा रॉड). मधलं काही सोडलंत तर पुढचं सगळं परत करावं लागेल.

हवा दोन्ही पुढच्या टायरांत सारखी, थंड टायरवर बघायची. ढिलाई बघायला चाकं जमिनीवरच ठेवा. एकाने स्टिअरिंग दोन्हीकडे थोडं थोडं हलवायचं, दुसऱ्याने खाली ड्रॉप आर्म (बॉक्समधून निघणारा, लिंक हलवणारा आर्म), ड्रॅग लिंकचे दोन्ही बॉल जॉइंट आणि टाय रॉडची (दोन चाकं जोडणारा रॉड) टोकं बोटांनी धरून बघायची. आर्म हलतोय पण लिंक उशिरा हलतेय असं बोटाला लगेच कळतं. किंगपिनसाठी (चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं ती) चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. ढिलं वाटलं तर ब्रेक दाबून पुन्हा हलवा: ढिलाई गेली तर चाकाचं बेअरिंग, राहिली तर किंगपिन. ढिलाई असेल तर इथेच थांबून पार्ट बदला. ढिल्या जॉइंटवर घेतलेलं माप दर वेळी वेगळं येतं.

आता एक्सल. गाडी सपाट कोब्यावर, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. स्टिअरिंग नाही, पुढची चाकं सरळ दिसतील असं ठेवा. चेसिसच्या दोन्ही बाजूंना सारखी भोकं किंवा रिबेट असतात, त्यातली एक जोडी एक्सलच्या मागे आणि एक जोडी शक्य तितकी लांब निवडा. प्रत्येक बिंदूवरून ओळंबा सोडून कोब्यावर खडूने फुली मारा. एक्सलच्या दोन्ही टोकांखालीही तसंच. तिथे किंगपिनच्या खालच्या टोपीचा मध्य घ्यायचा. चाकाचा मध्य घेऊ नका, चाक थोडं वळलेलं असलं की तो पुढेमागे सरकतो. मग गाडी बाजूला ढकलून जमिनीवर टेपने मोजा. गाडीखाली वाकून टेप ताणत बसण्यापेक्षा हे दहापट खरं येतं.

तीन मापं हवीत. डावा किंगपिन ते डावीकडचा मागचा बिंदू आणि तेच उजवीकडे. दोन्ही कर्ण. आणि चेसिसच्या मध्यरेषेपासून दोन्ही किंगपिनांचं आडवं अंतर. मागच्या हाऊसिंगचंही (मागच्या एक्सलचं) करा, कारण मागचा एक्सल वाकडा असला की पुढे कितीही बिनचूक करा, गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते आणि स्टिअरिंग वाकडंच धरावं लागतं.

डाव्या-उजव्यात ४-५ मि.मी.पर्यंत फरक मी सोडून देतो. त्याच्या वर असेल तर यू-बोल्ट (पाटा एक्सलला बांधणारे) सोडा.

आडगाव नाका
सेंटर बोल्ट (पाटे एकत्र धरणारा मधला बोल्ट) बघा आधी. पाटे बांधताना सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या सीटमधल्या (पाटा टेकतो ती जागा) भोकात बसलंच नाही आणि वरून यू-बोल्ट आवळले, हा प्रकार फार होतो. डोकं भोकाच्या काठावर बसतं, घट्टही वाटतं, आणि पहिल्या लोडला एक्सल सरकतो. बाहेरून ओळखायची खूण: यू-बोल्ट बाजूने बघताना सरळ उभा न दिसता तिरका दिसतो. सीटजवळ गंज घासून चकाकी आलेली असते.

एक शंका. एकाच बाजूला पाटा कशाला वाढवला? डिझेल टाकी आणि ड्रायव्हर उजवीकडे म्हणून बरेच जण करतात, पण तुमच्या स्टिअरिंगचं मूळ तिथेच असेल असं वाटतं.

निफाडकर
मापं घेतली. पुढचा डावा किंगपिन उजव्यापेक्षा ७ मि.मी. मागे. डावीकडचा यू-बोल्ट खरंच तिरका आहे, आडगाव नाका, तुमचं बरोबर निघालं. मागचं हाऊसिंग ठीक, फरक २ मि.मी. आडवं अंतर दोन्हीकडे जवळजवळ सारखं. पुढे उजवीकडे चेसिस डाव्यापेक्षा १८ मि.मी. उंच. टायर बदललेले नाहीत.

पण एक कळत नाही. डावी बाजू मागे सरकली, मग स्टिअरिंग वाकडं होण्याचा तिच्याशी संबंध आहे का?

ओळंबा
छान प्रश्न. तुमच्याकडे दोन वेगळ्या खोड्या आहेत.

डावी बाजू मागे म्हणजे त्या बाजूचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) कमी. गाडी कमी व्हीलबेसच्या बाजूला ओढते. तुमचं डावीकडे ओढणं तिथून येतंय. त्याने स्टिअरिंगचा दांडा फारसा हलत नाही, कारण ड्रॅग लिंक उजव्या चाकाला जोडलेली आहे आणि उजवी बाजू जागेवर आहे.

दांडा हलतो तो उजव्या बाजूने. आकडा मांडून बघा. बॉक्सचं गुणोत्तर साधारण २०:१ धरा, म्हणजे स्टिअरिंग २० अंश फिरलं की ड्रॉप आर्म १ अंश. आर्म १८० मि.मी. लांब असेल तर १ अंशाला त्याचं टोक सुमारे ३ मि.मी. सरकतं. उलट वाचा: उजवीकडे एक्सल आणि ड्रॉप आर्म यांच्यातलं अंतर नुसतं ३ मि.मी. बदललं की स्टिअरिंग २० अंश वाकडं. तुमच्या गाडीचं गुणोत्तर आणि आर्म वेगळा असेल, हिशोब हाच.

आता पाटा वाढवल्यावर काय होतं. चेसिस वर गेला, एक्सल खाली राहिला. ड्रॅग लिंकचं मागचं टोक एक्सलबरोबर खाली जातं, लिंक जास्त तिरकी होते आणि तिची आडवी लांबी कमी होते. ड्रॉप आर्म एक्सलच्या पुढे असेल तर लिंक चाकाचा आर्म पुढे खेचते. एक्सलही पाट्याच्या पुढच्या पक्क्या डोळ्याभोवती (टोकाची गोल गुंडाळी, जिच्यात पिन बसते) गोल फिरत थोडा पुढे येतो, त्यामुळे काही भाग आपोआप भरून निघतो. कंपनीने ही दोन वर्तुळं एका ठरावीक उंचीसाठी जुळवलेली असतात. तुम्ही उंची बदलली, ती जुळणी गेली.

सातपूरचा टर्नर
म्हणून पाटा वाढवायचा तर दोन्हीकडे, नाहीतर कुठेच नाही. नुसत्या स्टिअरिंगसाठी सांगत नाहीये. एका बाजूचा पाटा कडक असला की ब्रेक मारल्यावर दोन्ही बाजूंचे पाटे सारखे पिळत नाहीत आणि गाडी ब्रेकला एका बाजूला झेप घेते. कसारा घाटात उतरताना हे कळलेलं बरं नाही.

निफाडकर
वाढवलेला पाटा काढून टाकतो मग. डावीकडचा यू-बोल्ट सोडून बसवायची पद्धत सांगा.

आडगाव नाका
मागची चाकं अडवा. पुढून चेसिस जॅकने उचलून घोड्यांवर घ्या, एक्सलखाली दुसरा जॅक. वजन पाट्यावरून जवळजवळ उतरलं पाहिजे, पण चाक लोंबकळू देऊ नका, एक्सल जॅकवर टेकलेला असू दे.

यू-बोल्टचे चार नट सोडा. आटे गंजलेले असतील तर तारेच्या ब्रशने साफ करून तेल मारा. ताणलेला यू-बोल्ट परत वापरू नका, नटासकट नवा घ्या. जुन्याच्या आट्यात नट हाताने शेवटपर्यंत जात नसेल तर तो ताणला गेलाय.

पाटा आणि सीट वेगळे झाल्यावर सेंटर बोल्टचं डोकं बघा. एका बाजूने कापल्यासारखं झालं असेल तर बदला. सीटचं भोक लांबट झालं असेल तर नवा बोल्टही परत सरकणार. ते भोक वेल्डिंगने भरून ड्रिल करू नका, एक्सलवर वेल्डिंग मारायचंच नाही. तसं असेल तर एक्सल दाखवून घ्या.

सीट खरवडून साफ करा. मधे पाचर असेल तर तिची जाड बाजू कुठे आहे ते काढायच्या आधी खडूने लिहून ठेवा. एक्सल पाट्याच्या खाली असलेल्या गाडीत जाड बाजू मागे म्हणजे कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकाव) जास्त, पुढे म्हणजे कमी. एका बाजूची उलटी बसली तर एक्सल पिळला जातो आणि गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. मग तुम्ही टो मोजत बसाल आणि काही सापडणार नाही.

एक्सलखालचा जॅक हळू वर घ्या आणि डोकं भोकात बसताना बोट न घालता बॅटरीच्या उजेडात बघा. यू-बोल्ट उभे करून चारही नट हाताने टेकवा. मग फुलीच्या क्रमाने थोडे थोडे आवळा. एकच नट पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर पाटा तिरका बसतो. शेवटचं आवळणं गाडी जमिनीवर उतरवून, टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. शॅकलला (पाट्याच्या हलत्या टोकाची कडी) रबर बुश असतील तर त्यांचे नटही वजन चाकांवर आल्यावरच आवळा, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

गोदाकाठ
मधेच विचारतो. आमच्या गाडीला पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आणि आडवा पॅनहार्ड रॉड आहे. दोन इंच वर उचलल्यावर एक्सल एका बाजूला गेला. त्यालाही हेच?

ओळंबा
नाही, तुमचं वेगळं. पाट्यांच्या गाडीत आडवी जागा पाटेच धरतात. तिथे एक्सल आडवा सरकला तर डोळ्याचे बुश आणि पिना झिजल्यात असं समजा.

तुमच्याकडे ते काम पॅनहार्ड रॉड करतो. त्याचं एक टोक चेसिसला, एक एक्सलला. गाडी उचलली की रॉड तिरका होतो, आडवी लांबी घटते आणि एक्सल चेसिसवरच्या टोकाच्या बाजूला ओढला जातो. रॉड ८०० मि.मी. आणि दोन टोकांतला उंचीचा फरक आधी १०० मि.मी. असेल तर ५० मि.मी. उचलल्यावर एक्सल सुमारे ८ मि.मी. सरकेल. उपाय म्हणजे आट्यांचा कमीजास्त होणारा रॉड, त्याला तितकंच लांब करायचं. जमिनीवर वजन असताना, दोन्ही बाजूंनी चेसिस ते रिम मोजून. त्यानंतरच स्टिअरिंग.

पाथर्डी फाटा
टो घरी मोजायची पद्धत लिहितो, कारण इथेच जास्त गोंधळ होतो.

पुढची चाकं उचला. टायरच्या मधल्या पट्ट्यावर खडू घासून पांढरा करा, चाक हाताने फिरवत त्यावर खिळा धरा. बारीक रेघ पूर्ण गोल उमटेल. खिळा हातात धरायचा नाही, लाकडाच्या ठोकळ्यात ठोकून ठोकळा जमिनीवर टेकवायचा, नाहीतर रेघ नागमोडी येते. रिम वाकलेली असली तरी ही रेघ खरी असते. नुसत्या रिमच्या कडेवरून मोजणाऱ्यांचं इथेच फसतं.

चाकं खाली उतरवा, गाडी चार-पाच फूट पुढे ढकला म्हणजे टायर मोकळे होतात. मागे ढकलून मोजायचं नाही, जॉइंटांतली ढिलाई उलट्या बाजूला जाते. दोन रेघांमधलं अंतर चाकांच्या पुढे, हबच्या उंचीवर मोजा, मग तेच मागे. पुढे कमी म्हणजे टो-इन. मधे एक्सल किंवा इंजिनचा चेंबर आड येत असेल तर लाकडी पट्टीला दोन उभे खुंट मारून तो गेज सरकवून मोजा.

किती हवं ते मॅन्युअलमध्ये बघा. या वर्गात साधारण १ ते ३ मि.मी. टो-इन चालतं, रेडियलला शून्याच्या जवळ.

ॲडजस्ट करताना हात आवरा. टाय रॉडच्या दोन टोकांना उलटसुलट आटे असतात. पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ मि.मी. असेल तर नळी एक पूर्ण फेरा फिरवल्यावर रॉड ३ मि.मी. बदलतो. टायरचा व्यास ७८० आणि स्टिअरिंग आर्म १६० मि.मी. धरला तर टायरवर तो फरक जवळजवळ पाचपट दिसतो. म्हणजे पाव फेऱ्यालाच साडेतीन-पावणेचार मि.मी.

क्लॅम्प आवळताना नळीची खाच आणि क्लॅम्पची फट एका रेषेत नको. आटे खाचेच्या पलीकडेपर्यंत आत गेलेले हवेत. बाहेर किती आटे दिसतात ते दोन्ही टोकांना मोजा, बराच फरक असेल तर आधी कोणीतरी एकाच टोकाने काम केलेलं आहे.

निफाडकर
उजवीकडचा पाटा काढला, डावीकडे बोल्टचं डोकं भोकात बसवलं, नवे यू-बोल्ट. आता डावा-उजवा फरक १ मि.मी. टो ६ मि.मी. होता, पाव फेऱ्याने सव्वादोनवर आला. ओढणं गेलं. स्टिअरिंग अजून डावीकडे आहे, पण खूपच कमी. रिमवर पट्टी चिकटवून मोजलं तर ३ सें.मी., स्टिअरिंगचा व्यास ४२० मि.मी.

ओळंबा
४२० व्यासाला १ अंश म्हणजे सुमारे ३.७ मि.मी. म्हणजे तुमचे ८ अंश राहिलेत. लिंकची लांबी सव्वा मि.मी.च्या आसपास बदलावी लागेल.

त्याआधी बॉक्सचा मध्य शोधा. ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मपासून सोडवा. बॉल जॉइंटचा नट पूर्ण न काढता दोन-तीन आट्यांवर ठेवा, मग जॉइंट पुलरने किंवा डोळ्याच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी दोन हातोड्यांनी. बोल्टच्या टोकावर हातोडा मारू नका, आटे जातात. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवून फेरे मोजा आणि अर्ध्यावर आणा. टोकाला आपटायचं नाही, आतल्या गोळ्यांच्या नळ्या खराब होतात. तिथे दांडा आडवा आला तर चाक बरोबर दात्यावर बसलेलं आहे.

मग दांडा सरळ ठेवून बांधा आणि पुढची चाकं सरळ ठेवा. लिंक जॉइंटवर कुठे बसते ते बघा. जितकी कमी-जास्त पडते तितकं फिरवायचं. एकाच टोकाला आटे असतील तर १.५ पिचला एक फेरा म्हणजे १.५ मि.मी. आणि १० अंशांच्या आसपास. कुठल्या दिशेला फिरवायचं हे गाडीच्या रचनेवर आहे, डोकं खपवू नका. अर्धा फेरा फिरवा, स्टिअरिंग कुठे गेलं ते बघा.

सातपूरचा टर्नर
लिंकला आटेच नसतील तर ती कापून वेल्ड करून द्यायला इथे अंबडमध्ये कोणीही तयार होईल. देऊ नका. स्टिअरिंगच्या रॉडवर वेल्डिंग नाही, गरम करून वाकवणं नाही. कारण वर लिहिलंय ते शोधा, बिनआट्याच्या लिंकची गाडी कंपनीतून सरळच निघालेली असते.

नट बांधल्यावर स्प्लिट पिन नवी. भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवा, मागे सोडून नाही.

आडगाव नाका
टेस्ट कुठे घेता त्यावर पण आहे. आपले रस्ते पाण्यासाठी डावीकडे उतरते असतात, डाव्या कडेने चालवलं की कोणतीही गाडी थोडी डावीकडे जाते. एमआयडीसीतला रुंद, रिकामा रस्ता रविवारी बघा आणि मधोमध चालवा. तरी ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदला. ओढण्याची दिशा बदलली तर दोष टायरचा. नाही बदलली तर थोडं चालवून दोन्ही ड्रम किती तापलेत ते बघा, एका बाजूचा ब्रेक धरत असतो.

निफाडकर
रिकाम्या गाडीला सरळ आलं. क्रेट आणि गोण्या भरल्यावर पुन्हा ४-५ अंश उजवीकडे जातं. हे सोडू का?

ओळंबा
सोडा. भरल्यावर पाटा सपाट होतो, उंची बदलते, वरच्या त्याच दोन वर्तुळांचा खेळ. कंपनी सहसा रिकाम्या गाडीवर मापं देते. तुमची गाडी बहुतेक भरलेलीच फिरत असेल तर नेहमीच्या लोडवर सरळ करून रिकामी असताना वाकडं चालवून घेतलं तरी हरकत नाही. फरक १०-१५ अंशांच्या वर गेला तर पाटे बसलेत किंवा चुकीच्या गोलाईचे पाटे घातलेत.

पाथर्डी फाटा
इथे मी वेगळं म्हणेन. फरक मधोमध वाटून घ्या, दोन अंश इकडे, दोन तिकडे. बॉक्स दोन्ही वेळा मध्याजवळ राहतो. एका बाजूला पाच अंश ठेवण्यापेक्षा बरं.

ओळंबा
मान्य, तेही चालेल.

सातपूरचा टर्नर
एक राहिलं. लिंक हलवली की दोन्ही टोकांचं वळण तपासा. पुढची चाकं उचलून पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. एक्सलवरचा स्टॉप बोल्ट आधी टेकला पाहिजे, बॉक्सचं आतलं टोक नंतर. स्टॉप टेकायच्या आतच बॉक्स अडत असेल तर लिंक पुन्हा बघा. पूर्ण वळणावर टायर पाट्याला, चेसिसला आणि ब्रेकच्या होजला घासत नाही ना, तेही बघा. पॉवर स्टिअरिंग टोकाला दाबून धरू नका, पंप तापतो. यू-बोल्ट पहिल्या काही लोडनंतर गाडी जमिनीवर असताना पुन्हा टॉर्कवर घ्या, नवे बोल्ट बसतात तेव्हा थोडे सैल होतातच.